संथ संसद, घाईचे कायदे

भारताची संसद काम करत नाही, हे मत आपल्या समाजात इतके रुळले आहे की ते मांडणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. अधिवेशन सुरू झाले की घोषणा, फलक, अध्यक्षांच्या आसनासमोर जमलेले सदस्य आणि आधी दुपारपर्यंत, मग दिवसभरासाठी तहकूब झालेले कामकाज एवढेच चित्र लोकांपर्यंत पोहोचते. त्यावरून निघणारा निष्कर्षही ठरलेला असतो. ही संस्था संथ आहे, तिच्यावरचा खर्च वाया जातो आणि देशाला वेगाने निर्णय घेणारे कोणीतरी हवे आहे. या निष्कर्षाचा शेवटचा भाग मला सर्वांत चिंताजनक वाटतो, कारण गेल्या काही वर्षांचे कामकाज नीट पाहिले तर दिसते ते याच्या उलट आहे. कायदे करण्याच्या कामात आपली संसद आता संथ राहिलेली नाही. ती धोका वाटावा इतकी घाईत आहे. आणि ज्या दिरंगाईचा नागरिकांना खरोखर त्रास होतो, तिचा मोठा भाग कायदा संमत झाल्यानंतर सरकारी खात्यांत साचतो, पण त्याचा दोष मात्र संसदेच्या नावावर जमा होतो.

सतराव्या लोकसभेचे, म्हणजे २०१९ ते २०२४ या काळाचे उदाहरण घेऊ. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींनुसार या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४ बैठका झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी ५५. पहिल्या लोकसभेची वार्षिक सरासरी १३५ होती. मुदत पूर्ण करणाऱ्या कोणत्याही लोकसभेच्या इतक्या कमी बैठका झालेल्या नाहीत. बैठका घटल्या म्हणून विधेयके अडून राहिली, असे मात्र घडले नाही. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५८ टक्के विधेयके मांडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत संमत झाली. सुमारे एक तृतीयांश विधेयकांवर लोकसभेत एक तासही चर्चा झाली नाही. संसदीय समितीकडे सखोल तपासणीसाठी पाठवल्या गेलेल्या विधेयकांचे प्रमाण पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के होते. सतराव्या लोकसभेत ते १६ टक्क्यांवर आले. या आकड्यांवरून जे चित्र उभे राहते ते काम न करणाऱ्या संस्थेचे नाही. संस्थेचे मुख्य काम तिच्याकडून काढून घेतले गेले आहे आणि दुय्यम काम, म्हणजे शिक्का मारण्याचे काम, तिच्याकडून वेगाने करून घेतले जात आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक लोकसभेत २० तारखेला मांडले गेले आणि त्याच दिवशी, मतदार याद्यांच्या फेरतपासणीवरून गदारोळ चालू असताना, संमत झाले. २१ तारखेला राज्यसभेने त्याला मान्यता दिली आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांमुळे कुटुंबे उद्ध्वस्त होतात आणि त्यावर बंदी हवी, असे मानणाऱ्यांची बाजू मला समजते आणि बऱ्याच अंशी पटतेही. परंतु एक अख्खा व्यवसाय तीन दिवसांत बंद करणारा कायदा योग्य आहे की नाही, त्यात कोणती पळवाट राहिली आहे, कोणाची रोजी त्यामुळे जाणार आहे, हे प्रश्न विचारण्याची जागा संसद होती आणि तेथे ते विचारलेच गेले नाहीत. हेतू चांगला असणे आणि कायदा चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातले अंतर मिटवण्याचे काम चर्चा करते.

या घाईची किंमत आपण एकदा उघडपणे मोजली आहे. शेतीविषयक तीन कायदे ५ जून २०२० रोजी अध्यादेशांच्या रूपाने आले आणि सप्टेंबरमध्ये त्यांची विधेयके झाली. ती कोणत्याही समितीकडे गेली नाहीत. २० सप्टेंबरला राज्यसभेत दोन विधेयके, मतविभाजनाची म्हणजे मते मोजण्याची मागणी होत असताना, आवाजी मतदानाने संमत करण्यात आली. त्यानंतर काय झाले ते सर्वांना आठवते: शेतकरी वर्षाहून अधिक काळ दिल्लीच्या सीमांवर बसून राहिले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते तिन्ही कायदे मागे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, पुन्हा चर्चेविना, संमत झाले. या कायद्यांच्या बाजूचे लोक म्हणत की शेतमालाच्या बाजारात सुधारणा आवश्यक होती. ती आवश्यक होती असे गृहीत धरले तर त्यांनी या घाईविषयी विरोधकांपेक्षाही अधिक खेद करायला हवा. समितीसमोर सहा महिने शेतकरी संघटना, बाजार समित्या आणि राज्य सरकारे यांची साक्ष झाली असती, तर त्या सुधारणेचा काही भाग तरी टिकण्याची शक्यता होती. आज त्या विषयाला हात घालायला कोणतेही सरकार सहजासहजी धजणार नाही. वेळ वाचवण्यासाठी जी प्रक्रिया टाळली, तिने वाचवला त्याहून कितीतरी अधिक वेळ घालवला.

याच्या शेजारी कायदा संमत झाल्यानंतरचा काळ ठेवून पाहावा. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर २०१९ मध्ये काही दिवसांत संमत झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी लागणारे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले. दरम्यानची चार वर्षांहून अधिक मुदत गृह मंत्रालय संसदेच्या समित्यांकडून वाढवून घेत राहिले. २९ कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार संहितांपैकी तीन संहिता २०२० च्या सप्टेंबरमध्ये, विरोधी बाकांवर कोणी नसताना, दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून बाहेर पडल्या. चारही संहिता लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम दोन वर्षांहून अधिक काळाने आले. लोकपालाची कथा दोन्ही टप्प्यांवर लांबली. पहिले विधेयक १९६८ मध्ये आले, कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संमत झाला, आणि पहिल्या लोकपालाची नेमणूक व्हायला मार्च २०१९ लागला. म्हणजे कायदा अस्तित्वात असताना पाच वर्षे पद रिकामे होते. जी विधेयके दोन दिवसांत संमत करणे इतके निकडीचे होते, त्यांचे नियम करायला पाच वर्षे लागतात, तेव्हा ती निकड कशाची होती, हा प्रश्न आपण विचारायला हवा. नागरिक म्हणतो, संसदेने कायदा केला पण काही बदलले नाही. त्याचा अनुभव खरा असतो. चुकीच्या दारावर तो आपली तक्रार ठोठावत असतो.

संसदीय संथपणाविषयीची तक्रार प्रजासत्ताकाहून जुनी आहे. संविधान सभा रेंगाळते आहे, जनतेचा पैसा उधळला जात आहे, रोम जळत असताना नीरो फिडल वाजवतो आहे, असा आक्षेप त्या काळी घेतला जात होता. नझिरुद्दीन अहमद या सदस्याने मसुदा समितीला भरकटलेली समिती असे नाव दिले होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या आक्षेपाला जे उत्तर दिले, ते आजही प्रत्येक खासदाराने आणि प्रत्येक पत्रकाराने वाचावे असे आहे. सभेला दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस झाले होते. ११ सत्रांत १६५ दिवसांचे काम झाले आणि त्यातले ११४ दिवस मसुद्याच्या विचारासाठी गेले, हा हिशेब त्यांनी आधी मांडला. नंतर त्यांनी इतर देश घेतले. अमेरिकेने चार महिन्यांत काम संपवले, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने लागले, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष. पण त्यांच्या राज्यघटना आपल्यापेक्षा खूप लहान होत्या आणि, हा मुद्दा त्यांना अधिक महत्त्वाचा वाटत होता, त्यांच्या कर्त्यांना दुरुस्त्यांना तोंड द्यावे लागले नव्हते. आपल्या सभेने ३९५ अनुच्छेद हाताळले आणि २,४७३ दुरुस्त्यांचा निकाल लावला. अधिक चांगल्याच्या शोधात असणे म्हणजे भरकटणे नव्हे, असे त्यांनी त्या सदस्याला बजावले.

हे उत्तर संथपणाचे सरसकट समर्थन म्हणून वापरणे मात्र बाबासाहेबांवर अन्याय करणारे होईल. कारण त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, त्यांनीच कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक कारण विधिमंडळातील दिरंगाई हे होते. हिंदू कोड बिल १९४७ पासून पुढे पुढे ढकलले जात होते. विधेयक तपासणाऱ्या प्रवर समितीतून ते बाहेर आले, कधी चर्चेला आले, कधी मागे पडले, आणि अखेर अवघी चार कलमे हातावेगळी झाल्यावर सोडून दिले गेले. ज्या स्त्रियांना त्या विधेयकाने वारसा आणि घटस्फोटाचे हक्क मिळणार होते, त्यांना १९५५ आणि १९५६ च्या वेगवेगळ्या कायद्यांपर्यंत थांबावे लागले. १९४९ मध्ये वेळ घेण्याची बाजू मांडणारा आणि १९५१ मध्ये वेळ काढण्याला कंटाळून पद सोडणारा माणूस एकच आहे, आणि त्यात कोणतीही विसंगती नाही. संविधान सभेत दुरुस्ती मांडली जात होती, तिच्यावर वाद होत होता, ती स्वीकारली किंवा फेटाळली जात होती. प्रत्येक दिवसाने मजकूर थोडा पुढे सरकत होता. हिंदू कोड बिलाच्या बाबतीत दिवस जात होते ते निर्णय टाळण्यासाठी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी सारखाच विलंब दिसतो. संसदेविषयीच्या आपल्या सार्वजनिक मताचा खरा दोष हा आहे की ते या दोन विलंबांत फरक करत नाही.

हा फरक न केल्यामुळे काय निसटते ते महिला आरक्षणाच्या विधेयकावरून दिसते. लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याचे विधेयक प्रथम १२ सप्टेंबर १९९६ रोजी मांडले गेले. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने त्याचा अहवाल त्याच वर्षी दिला. पुढे १९९८, १९९९ आणि २००८ मध्ये ते नव्याने आले, मार्च २०१० मध्ये राज्यसभेने ते संमत केले आणि लोकसभेची मुदत संपताच २०१४ मध्ये ते व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, झाले. या काळात तपासणी अपुरी होती म्हणून ते थांबले नव्हते. तपासणी तर पहिल्याच वर्षी झाली होती. मग सप्टेंबर २०२३ मध्ये तेच विधेयक १९ तारखेला मांडले गेले, २० तारखेला लोकसभेने ४५४ विरुद्ध २ आणि २१ तारखेला राज्यसभेने २१४ विरुद्ध ० मतांनी संमत केले. सत्तावीस वर्षे अडलेले काम तीन दिवसांत झाले, आणि अंमलबजावणी मात्र पुढील जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांच्यावर सोपवली गेली. संसदेची यंत्रणा संथ असती तर तीन दिवसांत हे झाले नसते. ज्यांच्या हाती बहुमत असते त्यांना हवे असते तेव्हा यंत्रणा धावते आणि नको असते तेव्हा ती थांबते. म्हणून संसदेचा वेग मोजताना आपण बहुतेक वेळा सरकारची इच्छा मोजत असतो.

लोकांचे मत असे का झाले, याचे एक कारण संसदेनेच निर्माण केले आहे. सभागृहांचे कामकाज दूरचित्रवाणीवर दिसू लागून तीन दशके होऊन गेली. संसदेचे जे काम सर्वांत शांतपणे, सर्वांत अभ्यासपूर्वक आणि पक्षभेद बाजूला ठेवून होते, ते मात्र बंद दाराआड होते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या खातेनिहाय स्थायी समित्या आज चोवीस आहेत. तेथे सचिवांना कागद घेऊन यावे लागते, तज्ज्ञांना बोलावले जाते आणि खासदार एरवी कॅमेऱ्यासमोर जे कबूल करणार नाहीत ते मान्य करतात. अहवाल प्रसिद्ध होतात, पण ती चर्चा कोणाला दिसत नाही. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत समित्यांच्या साक्षी सर्रास प्रसारित होतात आणि त्यामुळे तेथील नागरिकाला निदान हे माहीत असते की आपला प्रतिनिधी प्रश्न कसे विचारतो. आपल्याकडे जे दिसते ते बंद पडलेले सभागृह आणि जे चालते ते अदृश्य, अशी विभागणी झाली आहे. बंद दारामुळे सदस्य मोकळेपणाने बोलतात, हा युक्तिवाद मी समजू शकतो. मसुद्यावर तडजोड घडवणाऱ्या बैठका बंद ठेवाव्यात. पण मंत्रालयाच्या अधिकाऱ्याची आणि बाहेरच्या साक्षीदाराची साक्ष गुप्त राखण्याचे कारण मला दिसत नाही.

समितीचे काम केवळ दिसत नाही म्हणून दुय्यम मानू नये. ग्रामीण रोजगार हमीचे विधेयक डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत आले तेव्हा ते गरीब कुटुंबांपुरते मर्यादित होते. ते स्थायी समितीकडे गेले, बाहेरही त्यावर मोठा वाद झाला, आणि ऑगस्ट २००५ मध्ये जे संमत झाले त्यात काम मागणारे प्रत्येक ग्रामीण कुटुंब समाविष्ट होते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही म्हणून कामावरून परत पाठवले जाण्याची वेळ कोट्यवधी लोकांवर आली नाही, ती या आठ महिन्यांमुळे. त्याच कायद्याची जागा घेणारे विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये मांडले गेले आणि त्याच आठवड्यात दोन्ही सभागृहांतून संमत झाले. नवी रचना जुनीपेक्षा चांगली आहे की वाईट, हा वाद येथे करण्याची गरज नाही. पण ज्या कायद्याला घडवताना आठ महिने दिले, तो मोडून नवा बसवताना आठवडाभरही पुरेसा वाटला, हे आपल्या संसदेच्या प्रवासाचे वर्णन आहे.

दुसरे कारण म्हणजे मोजण्याची पद्धत. अधिवेशन संपले की संसदीय कामकाज मंत्री आणि पीठासीन अधिकारी उत्पादकतेची टक्केवारी जाहीर करतात, म्हणजे ठरलेल्या तासांपैकी किती तास कामकाज झाले आणि किती विधेयके संमत झाली. आपणही तेवढेच लक्षात ठेवतो. २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेचे कामकाज ठरलेल्या वेळेच्या सुमारे एक पंचमांश एवढेच चालले, आणि तरीही एकामागून एक विधेयके काही मिनिटांच्या अंतराने संमत होत गेली. विधेयकांची संख्या पाहिली तर ते अधिवेशन यशस्वी, तास पाहिले तर अपयशी. या दोन्ही आकड्यांतून एकही मंत्री कोणत्या प्रश्नावर निरुत्तर झाला, कोणती चूक वेळीच पकडली गेली, हे कळत नाही. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी संसदेतील चर्चेचा दर्जा घसरल्याची आणि त्यामुळे कायद्यांत संदिग्धता राहून खटले वाढत असल्याची खंत जाहीरपणे व्यक्त केली होती. जे काम सभागृहात झाले नाही, ते न्यायालयांकडे जाते, आणि तेथे लागणाऱ्या वर्षांची मोजदाद कोणत्याही टक्केवारीत होत नाही.

संसदेचे यश विधेयकांत नसते, याचे एक मोठे उदाहरण १९५७ चे आहे. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोझ गांधी यांनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर प्रश्न उपस्थित केले. ते सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते आणि पंतप्रधान नेहरूंचे जावईही. न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला, त्याने उघड सुनावणी घेतली, आणि दोन महिन्यांच्या आसपास अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. एकही कायदा न करता संसदेने त्या काळात आपले काम चोख केले होते. आज सत्ताधारी बाकांवरून असा प्रश्न येण्याची अपेक्षा कोणी ठेवत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने घाऊक पक्षबदल रोखण्याचा प्रयत्न केला, पण त्याने प्रत्येक विधेयकावरचे प्रत्येक मत पक्षादेशाच्या अधीन केले. सरकार टिकण्याचा प्रश्न नसतानाही सदस्याला विवेकाने मत देता येत नाही. असा पक्षादेश, म्हणजे व्हिप, केवळ विश्वासदर्शक वा अविश्वास ठराव आणि त्या तोडीच्या मतदानापुरता असावा, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. ज्या सदस्याचे मत आधीच ठरलेले आहे, त्याने विधेयक कशाला वाचावे?

अर्थसंकल्पाच्या बाबतीत हे अधिकच खेदकारक आहे, कारण सरकारच्या खर्चावर नियंत्रण हा संसदेचा मूळ अधिकार आहे. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या मागण्या कोणत्याही खात्यावर चर्चा न करता संमत केल्या. २०१८ मध्येही असेच घडले होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सभागृह चालू न देणारे विरोधकच असतात, मग चर्चा झाली नाही म्हणून सरकारला दोष कसा द्यायचा? २०१० चे हिवाळी अधिवेशन दूरसंचार परवान्यांच्या टू-जी प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ पूर्ण वाया गेले. तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या पक्षाने कामकाज रोखणे हे लोकशाहीतील वैध साधन असल्याचे म्हटले होते. आज तो पक्ष सत्तेत आहे आणि तेव्हाचे सत्ताधारी आज फलक घेऊन उभे असतात. कोणत्याही बाजूला यात शुद्धतेचा दावा करता येणार नाही, आणि सभागृह बंद पाडणाऱ्या विरोधकांना मी मोकळे सोडू इच्छित नाही: प्रश्नोत्तराचा तास बुडतो तेव्हा सर्वाधिक सुटका मंत्र्याची होते. मात्र बाजू बदलल्या तरी वर्तन तसेच राहते, तेव्हा कारण माणसांच्या स्वभावात शोधण्याऐवजी नियमांत शोधावे लागते. आपल्या नियमांत विरोधी पक्षाला स्वतःच्या हक्काचा एकही दिवस नाही. अधिवेशन कधी बोलवायचे, किती दिवस चालवायचे, कोणता विषय घ्यायचा हे सरकार ठरवते. संविधानाचे बंधन एवढेच की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये. ब्रिटिश कॉमन्स सभागृहात प्रत्येक सत्रात २० दिवसांचा विषय विरोधी पक्ष निवडतात. आपल्याकडे २०२३ मध्ये मणिपूरच्या हिंसाचारावर पंतप्रधानांनी सभागृहात बोलावे यासाठी विरोधकांना अविश्वास ठराव आणावा लागला. सरकार पडणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. एका निवेदनासाठी संविधानाचे सर्वांत मोठे शस्त्र उपसावे लागत असेल, तर लहान साधने निकामी झाली आहेत असे समजावे. आणि त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात १४६ खासदार निलंबित असताना फौजदारी कायद्यांची संपूर्ण नवी चौकट संमत झाली. ती विधेयके समितीकडे गेली होती, हे मान्य करायलाच हवे. पण समितीच्या अहवालावर सभागृहात वाद घालायला विरोधी बाकांवर फारसे कोणी उरले नव्हते.

वेगाच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी १९७५ चा ऑगस्ट आठवायला सांगेन. आणीबाणीत एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत मांडून त्याच दिवशी संमत झाली, ८ ऑगस्टला राज्यसभेत संमत झाली, राज्यांची मान्यता लगोलग आली आणि १० ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या निवडणुकीचे अपील ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयापुढे येणार होते. ती निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणे हा दुरुस्तीचा एक उद्देश होता. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने ते कलम रद्द केले. संसदेच्या इतिहासातील अत्यंत कार्यक्षम म्हणावे असे ते चार दिवस होते, कारण विरोधकांतील अनेक जण तुरुंगात होते. संथपणाचा कंटाळा येतो तेव्हा आपण नेमकी कशाची मागणी करत आहोत, हे त्या चार दिवसांकडे पाहून कळते.

लोकमत आणि वस्तुस्थिती यांच्यातली ही दरी केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९४८ च्या निवडणुकीत अध्यक्ष ट्रुमन यांनी ऐंशीव्या काँग्रेसला निष्क्रिय ठरवले आणि ते विशेषण तिला कायमचे चिकटले. त्याच काँग्रेसने मार्शल योजनेला मान्यता दिली होती आणि राष्ट्रीय सुरक्षेचा १९४७ चा कायदा केला होता. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये गॅलपच्या पाहणीत काँग्रेसच्या कामावर समाधानी असलेल्यांचे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. पण एक फरक आहे. तेथे सभागृह कार्यपालिकेला अडवते म्हणून लोक चिडतात, आणि आपल्याकडे ते अडवत नाही तरी चिडतात.

काय बदलावे याविषयी नवे शोधण्यासारखे फार नाही. संविधानाच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्येच लोकसभेच्या वर्षाला किमान १२० आणि राज्यसभेच्या किमान १०० बैठका व्हाव्यात असे सुचवले होते. वर्षाचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे, विरोधी पक्षांना ठरलेले दिवस मिळावेत, अर्थविषयक आणि खरोखर तातडीची विधेयके वगळता प्रत्येक विधेयक समितीकडे जाण्याचा नियम असावा आणि अपवाद करायचा तर त्याची लेखी कारणे मंत्र्याने सभागृहापुढे ठेवावीत. नियम सहा महिन्यांत करण्याची अपेक्षा संसदेने मंत्रालयांकडून आधीच ठेवलेली आहे. तिची मुदतवाढ समितीच्या बैठकीत मिटण्याऐवजी सभागृहात मागावी लागली, तर चार चार वर्षे नियम रखडण्याचे प्रकार कमी होतील. आवाजी मतदानाऐवजी महत्त्वाच्या विधेयकांवर नोंदलेले मतदान व्हावे, म्हणजे आपल्या खासदाराने काय केले हे मतदाराला नावानिशी कळेल. आणि सतराव्या लोकसभेप्रमाणे पाच वर्षे उपाध्यक्षच निवडायचा नाही, ही गोष्ट पुन्हा घडू देऊ नये. संविधानाने ती निवड शक्य तितक्या लवकर करायला सांगितली आहे.

यातील दिवसांचा प्रश्न मला सर्वांत तातडीचा वाटतो, कारण त्याला आता एक मुदत लागलेली आहे. मे २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनात लोकसभेच्या ८८८ सदस्यांची बसण्याची सोय आहे. आजची संख्या ५४३ आहे. जनगणना आणि त्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना होईल तेव्हा कोणत्या राज्याला किती जागा मिळतील, यावर मोठा वाद होईल आणि तो व्हायलाही हवा. पण वर्षाला पंचावन्न दिवस बैठका आणि दररोज सुमारे सहा तासांचे कामकाज एवढेच राहिले, तर आज एका सदस्याच्या वाट्याला येणारा आधीच तुटपुंजा वेळ तेव्हा आणखी एक तृतीयांशाहून अधिक घटेल. दिवसाला वीसच तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न घेतले जातात, आणि त्यांतले बरेचसे उत्तरापर्यंत पोहोचत नाहीत. जागा वाढवण्याचे विधेयक येईल त्याच वेळी बैठकांची किमान संख्या ठरवणारी तरतूद त्यात घालण्याची मागणी प्रत्येक पक्षाच्या मतदाराने आपल्या खासदाराकडे आतापासून करावी, आणि ते विधेयक मांडले जाईल त्या दिवशी सर्वांत आधी हे पाहावे की ते समितीकडे पाठवले गेले आहे की नाही.